आयएफटी कुठे गेली?

माझ्या थोरल्या मामांचे सांगलीत रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे काय, एक फळ्यांचे दार, आत एक टेबल, टेबलावर पोट उघडून ठेवलेले दहा-बारा सेट आणि सोल्डरचा वास. सुट्टीत मी तिथे जाऊन बसत असे. मामा एका प्लॅस्टिकच्या पेचकसाने सेटमधल्या चौकोनी पत्र्याच्या डब्या पिळत. या डब्यांच्या डोक्यावर रंगीत खाचा असायच्या: एक पिवळी, एक पांढरी, एक काळी. त्यांना ते ‘आयएफटी’ म्हणत. पेचकस लोखंडाचा का नाही, असे मी एकदा विचारले होते. “लोखंड जवळ नेलं की तिचा सूर बदलतो. हात काढला की पुन्हा बिघडतो,” असे ते म्हणाले. सूर लागला की ते त्या खाचेवर मेणाचा थेंब टाकत. तो थेंब त्यांची सही होती.

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि बंगलोरमध्ये एका लहानशा चिप-आरेखन कंपनीत लागलो. २००२च्या दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा आम्ही पाच गिगाहर्ट्झवरच्या बिनतारी इंटरनेटसाठी संग्राहकाचा पुढचा भाग, ज्याला धंद्यात ‘फ्रंट-एंड’ म्हणतात, तो एका चिपवर बसवण्याच्या खटाटोपात होतो. मामांना मी मोठ्या ऐटीत सांगितले की, अख्खा रेडिओ आता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत मावतो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्यात आयएफटी कुठं असते रे?”

मी म्हणालो, “ते सगळं आता सॉफ्टवेअरमध्ये होतं, मामा.”

हे उत्तर चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे त्या वेळीही मला ठाऊक असायला हवे होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती आहे.

चुकीचे उत्तर देणारा मी एकटा नव्हतो. रेडिओ चिपवर कसा गेला याची जी गोष्ट सर्रास सांगितली जाते ती अशी: ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी लहान होत गेले, लहान झाले म्हणून वेगवान झाले, आणि पुरेसे वेगवान झाल्यावर रेडिओ आपोआप चिपमध्ये शिरला. मूरचा नियम हा या गोष्टीचा नायक. कागदपत्रे उघडून पाहिली तर चित्र वेगळे दिसते. पुढच्या भागात जे घडले ते बव्हंशी जुन्या, टाकून दिलेल्या कल्पनांचे पुनरुज्जीवन आहे, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा अवयव आजही लहान व्हायला तयार नाही.

आधी या पुढच्या भागाचे काम काय ते पाहू. जुन्या वाड्यांना देवडी असे. आत येणाऱ्याची चौकशी तिथे होई. कोणाला सोडायचे, कोणाला परतवायचे, हे देवडीवरच ठरे. संग्राहकाचा पुढचा भाग ही तशीच देवडी आहे. अँटेनावर एकाच वेळी शेकडो लहरी येऊन आदळतात. त्यांतली आपली ओळखायची, तिला बळ द्यायचे, बाकीच्यांना बाहेर ठेवायचे आणि आतल्या गणिती यंत्रणेला झेपेल इतक्या सावकाश वारंवारतेवर तिला उतरवून द्यायचे, एवढे तिचे काम. आकड्यांत सांगायचे तर १९९९च्या ८०२.११ए या मानकानुसार सर्वांत संथ गतीच्या संदेशासाठी संग्राहकाला साधारण सहा पिकोवॅटचा संकेत ऐकू आलाच पाहिजे. एका वॅटचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले सहा. आणि हे ऐकत असताना शेजारच्या टेबलावरचा दुसरा संगणक त्याच्यापेक्षा लाखो पटींनी मोठ्याने ओरडत असू शकतो. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या मिरवणुकीत, ढोल-ताशा पथकाच्या शेजारी उभे राहून समोरच्या माडीवरच्या आजीबाई काय पुटपुटताहेत ते ऐकण्यासारखे हे आहे. कान तिखट हवा, पण ढोलाने बधिर होता कामा नये. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि देवडीचा सगळा इतिहास या भांडणाचा इतिहास आहे.

मामांची आयएफटी या भांडणातली पहिली मोठी तडजोड होती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हॉल्व्ह उच्च वारंवारतेवर संकेत नीट मोठा करू शकत नसत. १९१८ साली अमेरिकी सैन्याबरोबर पॅरिसमध्ये असलेल्या एडविन आर्मस्ट्राँगने यावर तोडगा काढला. विमानांच्या इंजिनातील ठिणग्यांतून निघणाऱ्या क्षीण लहरी पकडता येतील का, हा त्याच्यापुढचा एक प्रश्न होता. लहर आहे त्या उंचीवर मोठी करता येत नसेल, तर आधी तिला खाली उतरवू आणि मग मोठी करू, असा त्याचा विचार. त्यासाठी संग्राहकातच एक लहान आंदोलक बसवायचा, त्याची लहर आणि बाहेरून आलेली लहर एकमेकींत मिसळायच्या, आणि दोघींच्या वारंवारतांमधला फरक घेऊन पुढे जायचे. याला सुपरहेटरोडाइन म्हणतात. फ्रान्समध्ये ल्युसियाँ लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉट्की हेही त्याच सुमारास त्याच वाटेवर होते. पेटंटच्या लढाईत अमेरिकेत १९२८ साली लेव्हीचे बरेच दावे मान्य झाले. तरी नाव आर्मस्ट्राँगचेच राहिले. श्रेयाच्या हिशेबात असे नेहमीच होते, त्यात नवल नाही.

या युक्तीचा खरा फायदा नंतर लक्षात आला. कोणतेही स्टेशन लावा, फरक नेहमी तोच ठेवता येतो. म्हणजे निवड करणारी चाळणी एकदाच, एकाच वारंवारतेसाठी, जीव ओतून घडवायची. घरगुती रेडिओत ही वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ ठरली आणि ती चाळणी म्हणजे मामांच्या त्या पत्र्याच्या डब्या. पुणे केंद्र ७९२ वर. आतला आंदोलक १२४७ वर. फरक ४५५. मात्र यात एक खोड आहे. १२४७च्या वर ४५५ असलेल्या १७०२ किलोहर्ट्झवर जर कोणी बोलत असेल तर त्याचाही फरक ४५५च येतो आणि तोही बिनदिक्कत आत शिरतो. तोतया म्हणा. इंग्रजीत त्याला ‘इमेज’ म्हणतात. मध्यम लहरींवर हा तोतया क्वचितच भेटे, पण लघुलहरींवर हमखास. रेडिओ सिलोन काट्याच्या दोन-दोन जागी लागते अशी तक्रार घेऊन गिऱ्हाइके मामांकडे येत. दोन जागांतले अंतर ९१० किलोहर्ट्झ, म्हणजे ४५५च्या दुप्पट. “सेट चांगला आहे म्हणून दोनदा लागतं,” असे सांगून मामा त्यांची बोळवण करत.

तोतयाला मिसळण्याच्या आधीच अडवावे लागते. म्हणजे देवडीच्याही बाहेर आणखी एक चाळणी. वारंवारता जसजशी वाढत गेली तसतशी ही बाहेरची चाळणी अवघड आणि महाग होत गेली. १९९०च्या आसपासचा मोबाइल फोन उघडला तर आत सिलिकॉनच्या चिपांच्या भोवती सिरॅमिकचे तुकडे आणि पृष्ठलहरींवर चालणाऱ्या गाळण्या यांची गर्दी दिसे. संकेत चिपमधून बाहेर येई, गाळणीतून जाई, पुन्हा दुसऱ्या चिपमध्ये शिरे. प्रत्येक वेळी तारेवर ढकलण्यासाठी वीज खर्च व्हायची. चिप स्वस्त झाल्या तरी रेडिओ स्वस्त होत नव्हता तो या गाळण्यांमुळे.

मग गाळणीच नको असे काही करता येईल का? येईल, आणि ते १९२४ सालीच कोणीतरी सुचवून ठेवले होते. ब्रिटनच्या एफ. एम. कोलब्रुकने ‘होमोडाइन’ नावाने मांडलेली कल्पना अशी: आतला आंदोलक थेट स्टेशनच्याच वारंवारतेवर लावा. फरक शून्य. तोतयाचा प्रश्नच नाही, कारण आपली प्रतिमा आपणच. जे उरते ते सरळ आवाजच्या पट्ट्यात उतरते, आणि तिथे गाळायला साधी चाळणी पुरते. १९४७मध्ये डी. जी. टकरने ‘सिंक्रोडाइन’ या नावाने ती पुन्हा पुढे आणली, पुढे तिचा इतिहासही लिहिला. तरी व्यवहारात ती रुजली नाही.

कारणे समजण्यासारखी आहेत. आतल्या आंदोलकाची लहर थोडी गळते, अँटेनापर्यंत जाते, तिथून परतते आणि स्वतःशीच मिसळते. देवडीवरच्या पहारेकऱ्याने स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकून ‘कोण आहे तिकडे’ म्हणावे, तसे. यातून शून्य वारंवारतेवर एक स्थिर दाब तयार होतो आणि तो खऱ्या संकेताच्या शेकडो पट मोठा असू शकतो. शिवाय ट्रान्झिस्टर मंद वारंवारतेवर कुरकुरतात, आणि चिपवरचे एमओएस ट्रान्झिस्टर तर फारच. होमोडाइनमध्ये संकेत नेमका त्या कुरकुरीच्या मांडीवर जाऊन बसतो.

या अडचणीतून पहिली खरी वाट काढली ती पेजरवाल्यांनी. १९८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये आय. ए. डब्ल्यू. व्हान्स यांनी पेजरचा अख्खा संग्राहक एका चिपवर बसवला आणि त्यासाठी हीच शून्यावर उतरवण्याची पद्धत वापरली. पेजरचा संकेत दोन वारंवारतांत उड्या मारतो, एक मध्याच्या थोडी वर, एक थोडी खाली. नेमक्या मध्यावर काहीच नसते. मग मध्यावरची घाण, तो स्थिर दाब आणि ती कुरकुर, एका संधारित्राने कापून टाकली तरी संदेशाचे काही बिघडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता देवडीतली दुसरी मागणी, तिखट कानाची. १९२८मध्ये बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिले की कोणताही विद्युत्‌रोध, नुसता खोलीच्या तापमानाला ठेवला तरी, गोंगाट करतो. उष्णतेने इलेक्ट्रॉन हलतात, त्याला कोणाचा इलाज नाही. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा गोंगाट साधारण ०.०८ पिकोवॅट होतो. बिनतारी इंटरनेटचा सहा पिकोवॅटचा संकेत याच तळावर उभा असतो. १९४४मध्ये हॅराल्ड फ्रिसने साखळीचा हिशेब मांडला: एकामागून एक टप्पे असतील तर पहिल्याचा गोंगाट पूर्ण मोजला जातो, दुसऱ्याचा पहिल्याने दिलेल्या बळाने भागून, तिसऱ्याचा पहिल्या दोघांच्या बळाने भागून. म्हणून पहिला वर्धक कसा आहे यावर सगळे ठरते.

नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिथे विज्ञानदिनाला, २८ फेब्रुवारीला, लोकांना आत सोडतात. तबकडीच्या नाभीपाशी, उंच टांगलेल्या जागी हे पहिले वर्धक बसवलेले असतात. इतक्या उंचावर का, दुरुस्तीला किती त्रास, असे सोबतच्या एका गृहस्थांनी विचारले. याचे उत्तर फ्रिसच्या सूत्रात आहे. आधी केबल आणि मग वर्धक असे केले तर केबलीने जे खाल्ले ते पुढे कितीही बळ दिले तरी परत मिळत नाही. चिपवर अंतर मिलिमीटरच्या अंशात असते, पण हिशेब तोच.

सिलिकॉनविषयी १९९०पर्यंत जाणकारांचे मत वाईट होते. गिगाहर्ट्झच्या कामाला गॅलियम आर्सेनाइड. त्यात इलेक्ट्रॉन कित्येक पटींनी चपळ. सिलिकॉन, आणि तेही संगणकाच्या चिपांचे स्वस्त सीमॉस, हे आकडेमोडीला ठीक. यामागचे एक कारण मामांना लगेच पटले असते: सिलिकॉनवर चांगले वेटोळे घालता येत नाही. सूर लावायला वेटोळे आणि संधारित्र यांची जोडी लागते. धातूची सपाट चकली काढली तरी तिच्याखालचे सिलिकॉन थोडे वीजवाहक असते, ते ऊर्जा खाते आणि चकलीला नको ती धारकताही चिकटवते. डबीच्या खाली ओला चिखल असावा तसे.

१९९०मध्ये बर्कलीच्या ग्वेन आणि मायर यांनी सिलिकॉनवर उपयोगी पडतील अशा चकल्या करून दाखवल्या. त्यानंतरचे पाऊल मला जास्त धीट वाटते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असद अबिदी आणि त्यांचे सहकारी चँग व गायतान यांनी १९९३मध्ये चकलीखालचे सिलिकॉन चक्क कोरून काढले. चकली हवेत तरंगती ठेवली. १०० नॅनोहेन्रीच्या त्या वेटोळ्याचा स्वतःचा अनुनाद ३ गिगाहर्ट्झपर्यंत गेला, आणि दोन मायक्रॉनच्या साध्या, आकडेमोडीसाठी बनलेल्या सीमॉसवर त्यांनी ७७० मेगाहर्ट्झचा, १४ डेसिबल बळ देणारा वर्धक चालवून दाखवला. दोन मायक्रॉन म्हणजे त्या वर्षीसुद्धा जुने, मागे पडलेले तंत्र. मूरच्या नियमाची वाट न पाहता हे झाले, हा यातला मुद्दा आहे. ट्रान्झिस्टर वेगवान होण्याची गरज नव्हती, त्याच्या शेजारी एक बरे वेटोळे असण्याची गरज होती.

तरंगती चकली कारखान्यांनी उचलली नाही. कोरण्याचा टप्पा वाढतो, आणि चिपच्या कारखान्यात टप्पा वाढवा म्हणणे म्हणजे घरच्या पंगतीत ऐनवेळी पदार्थ वाढवा म्हणण्यासारखे. १९९८मध्ये स्टॅनफर्डच्या यू आणि वाँग यांनी सोपा मार्ग दिला: चकलीखाली धातूचा एक पडदा घालायचा, पण त्याला आडव्या फटी ठेवायच्या, म्हणजे त्यात वर्तुळाकार प्रवाह फिरणार नाही आणि ऊर्जा खाली सिलिकॉनमध्ये मुरणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी, स्टॅनफर्डमधूनच, शेफर आणि थॉमस ली यांनी १.५ गिगाहर्ट्झचा सीमॉस वर्धक मांडला होता. त्यात ट्रान्झिस्टरच्या पायाशी एक छोटे वेटोळे आहे. अँटेनाशी जुळवून घेण्यासाठी ५० ओहमचा रोध लागतो, पण खरा रोध घातला तर जॉन्सनचा गोंगाट आला. ते वेटोळे ट्रान्झिस्टरच्या साथीने ५० ओहमसारखे वागते, मात्र रोधासारखा गोंगाट करत नाही. युक्ती त्यांची नव्हती, आधीपासून माहीत होती. पण सीमॉसमध्ये तिचे गोंगाटाचे गणित शेवटपर्यंत नेऊन, किती वीज खर्चावी आणि ट्रान्झिस्टर किती रुंद घ्यावा, हे त्यांनी लिहून दिले. ली यांचे १९९८चे पुस्तक आणि रझावी यांचे त्याच सुमाराचे पुस्तक, या दोन्हींच्या झेरॉक्स प्रती आमच्या कंपनीत हातोहात फिरून पिवळ्या पडल्या होत्या.

बिनतारी इंटरनेटची बाजू इथे येऊन मिळते. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८५मध्ये काही पट्टे, त्यात २.४ गिगाहर्ट्झचाही, विनापरवाना वापराला मोकळे केले होते, आणि १९९७मध्ये पाच गिगाहर्ट्झच्या आसपास आणखी ३०० मेगाहर्ट्झ दिले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा असा मोकळा व्हायला २००५ साल उजाडले. १९९९च्या ८०२.११ए मानकाने पाच गिगाहर्ट्झवर सेकंदाला ५४ मेगाबिटपर्यंत वेग सांगितला. त्यात एकच जाड लहर न वापरता ५२ बारीक उपलहरी शेजारीशेजारी, ३१२.५ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडल्या आहेत.

आणि इथे ती पेजरची गोष्ट परत येते. २६ उपलहरी मध्याच्या एका बाजूला, २६ दुसऱ्या बाजूला. नेमक्या मध्यावरची जागा मानकाने रिकामी ठेवली आहे. पंगतीत एक पाट मुद्दाम मोकळा ठेवावा तशी. संग्राहक जर थेट शून्यावर उतरवणारा असेल तर त्याचा प्रतिध्वनी आणि कुरकुर त्या मोकळ्या पाटावर येऊन बसतात, कोणाच्या ताटात पडत नाहीत. कोलब्रुकच्या कल्पनेला पंचाहत्तर वर्षांनी बसायला जागा मिळाली, ती अशी. त्याच मानकाने आणखी एक उदारपणा केला. संग्राहकाचा स्वतःचा गोंगाट धरून निसर्गाच्या तळाच्या दहापट, म्हणजे १० डेसिबल, होईल असे गृहीत धरले आणि वर ५ डेसिबलची सूट ठेवली. गॅलियम आर्सेनाइडला एवढ्या सवलतीची गरज नव्हती. स्वस्त सीमॉसला मात्र तेवढ्या फटीतून आत येता आले. माझ्या मते चिपवरच्या रेडिओच्या इतिहासात मानक लिहिणाऱ्यांचे नाव अभियंत्यांच्या बरोबरीने घ्यायला हवे, पण समितीच्या कागदांवर कोणी लेख लिहीत नाही.

१९९८मध्ये स्टॅनफर्डच्या प्राध्यापक टेरेसा मेंग आणि जॉन हेनेसी यांनी स्थापन केलेली कंपनी, पुढे जी अथेरॉस म्हणून ओळखली गेली, तिने पाच गिगाहर्ट्झचा रेडिओ साध्या पाव मायक्रॉन सीमॉसवर बसवला. २००२च्या सॅन फ्रान्सिस्कोतील चिप-परिषदेत त्याचा निबंध वाचला गेला, आणि आमच्याकडे त्याची छापील प्रत आल्यावर तीन दिवस दुसरे काम झाले नाही. गंमत अशी की, त्यांनी थेट शून्यावर उतरवलेच नाही. दोन पायऱ्या घेतल्या. संकेत ५.२ गिगाहर्ट्झवर असेल तर पहिला आंदोलक त्याच्या चार पंचमांशावर, ४.१६ वर. उरला १.०४. तोच आंदोलक चाराने भागला की बरोबर १.०४ मिळतो, त्याने दुसरी पायरी उतरून शून्यावर यायचे. एकाच आंदोलकात दोन्ही पायऱ्या. संकेत सरकला की मधली वारंवारताही त्याच्याबरोबर सरकते, म्हणजे मामांच्या ४५५सारखी ती ठाम नाही. आणि तोतया? तो ३.१२ वर, दोन गिगाहर्ट्झहून अधिक दूर. इतक्या दूरच्याला अडवायला वेगळी गाळणी लागत नाही, पाच गिगाहर्ट्झला सूर लावलेली अँटेना आणि वर्धकातल्या चकल्याच त्याला पुरेशा दाबून टाकतात.

तर मामांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. आयएफटीची कामे वाटली गेली. तोतयाला अडवण्याचे काम तिच्याच जातीच्या, सिलिकॉनवर आडव्या पडलेल्या चकल्यांकडे गेले. शेजाऱ्याला अडवण्याचे काम शून्यावर उतरल्यानंतरच्या ट्रान्झिस्टर-संधारित्रांच्या चाळण्यांकडे गेले, तिथल्या घाणीसाठी मानकाने एक पाट मोकळा ठेवला. सॉफ्टवेअरकडे गेले ते शेवटचे, उरलेसुरले. आणि चकली लहान झाली नाही. दोन नॅनोहेन्रीच्या वेटोळ्याला तेव्हा पाव मिलिमीटरच्या आसपास जागा लागे, आजही साधारण तेवढीच लागते. पाव मायक्रॉनच्या काळात तेवढ्या जागेत हजारेक तर्कद्वारे मावत, आता त्याच्या कित्येक पट मावतात. चिपचा भाव चौरस मिलिमीटरवर ठरत असल्याने दर पिढीला चकलीची जागा अधिकाधिक महाग होत जाते.

हे मला कळले ते पुस्तकातून नव्हे. आमची पहिली चिप २००३च्या उन्हाळ्यात कारखान्यातून आली. वर्धकाचे शिखर ५.२ गिगाहर्ट्झवर असायला हवे होते. मोजले तर ४.६ वर. पाच गिगाहर्ट्झवर बळ निम्म्याहूनही कमी. सुरुवातीला आम्ही मोजणीला दोष दिला, मग पॅकेजच्या तारांना, मग कारखान्याला. आठवडाभराने सापडले ते असे: आरेखनाच्या शेवटच्या दिवसांत आंदोलकाच्या गटाला जागा कमी पडत होती, म्हणून मिक्सर बाजूला सरकवला गेला होता. वर्धकापासून मिक्सरपर्यंतची तार आता पाऊण मिलिमीटर झाली होती. तिची धारकता सुमारे १३० फेम्टोफॅरड. चकलीबरोबर सूर लावणारे संधारित्रच मुळात साधारण ४७० फेम्टोफॅरडचे. हा फरक आराखड्यावर दिसत नव्हता, कारण आराखड्यात तार म्हणजे नुसती रेघ असते. जागा हलवणाऱ्याने आम्हाला विचारले नव्हते, आणि आम्ही हललेली जागा पाहिली नव्हती. शेवटच्या तपासणीच्या कागदावर माझी सही होती.

त्या वर्षी गणपतीत सांगलीला गेलो तेव्हा ती चिप, पॅकेजमध्ये न घातलेली, एका प्लॅस्टिकच्या डबीत सोबत नेली. मामांचे दुकान तोवर जवळपास बंदच होते, सवयीने ते तिथे जाऊन बसत. शेजारच्या घड्याळजीचे भिंग त्यांनी मागून आणले, डोळ्याला लावले आणि बराच वेळ खिडकीशी धरून पाहत राहिले.

“ही तर कॉइल आहे,” ते म्हणाले.

मी म्हटले, “हो. तीच तुमची आयएफटी. मागं मी चुकीचं सांगितलं होतं.” मग सगळा प्रकार सांगितला. पाऊण मिलिमीटरची तार, ४.६ आणि ५.२.

त्यांनी भिंग काढले नाही. “मग पिळून घे की. खाच कुठं आहे हिची?”

खाच नव्हती. चकलीत फिरवायला काही नसते, ते कारखान्यातच कायमचे उमटते. तसे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त भिंग पुसून डबी परत दिली.

बंगलोरला परतल्यावर दुसऱ्या खेपेच्या आराखड्यात आम्ही तार आखूड केलीच, पण चकलीच्या शेजारी तीन लहान संधारित्रेही ठेवली, प्रत्येकाच्या पायाशी एक ट्रान्झिस्टरचा खटका. एकाहून दुसरे दुप्पट, दुसऱ्याहून तिसरे दुप्पट. तीन खटक्यांच्या आठ जुळण्या होतात, चिप सुरू झाल्यावर हव्या त्या जुळणीवर सूर सरकवता येतो. असे खटके इतरही ठेवत, आमचा काही शोध नव्हता. खटक्यांची किंमत मात्र पडते, उघडा असला तरी प्रत्येक ट्रान्झिस्टर थोडी धारकता टाकतो आणि मिटला की थोडा रोध. त्यावर बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी जागा मिळाली. आरेखनाच्या फाइलमध्ये त्या भागाला नाव द्यायचे होते, तेव्हा मी ‘खाच’ असे लिहिले. तमिळ आणि कन्नड सहकारी ते कसेबसे उच्चारत.

दुसरी चिप आली तेव्हा शिखर ५.०५ वर होते. तिसऱ्या जुळणीवर ते ५.२ला आले.